केसभर सरकलेली चौकट

जावईबापूंनी चपला काढल्या नाहीत. कॉम्प्युटरचा पडदा छातीशी कवटाळून ते तसेच दारातून आत आले, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठसे उमटवत जेवणाच्या टेबलापर्यंत गेले, मटारच्या शेंगांचं टोपलं कोपरानं बाजूला सारलं आणि पडदा टेबलावर टेकवून म्हणाले,

"आई, तुम्ही आधी बसा."

शांतताबाईंनी फरशीकडे पाहिलं, मग जावयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि फरशीबद्दल बोलायचं राहूनच गेलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा जावईबापू इतके घामेजलेले नव्हते.

"ठकू बरी आहे ना?"

"ठकू गाडी लावतेय. तिला काय झालंय? तुम्ही बसा."

शांतताबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी कान तपासण्यात घालवली. पेशंटला एका बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून एकेक आवाज सोडायचा, आधीपेक्षा बारीक, मग त्याहून बारीक. ऐकू आला की पेशंटनं बोट वर करायचं. त्या खोलीच्या दारावर 'शांतता' अशी पाटी होती, आणि ती पाटी पुरत नाही असं वाटून बाई स्वतःही दिवसभर तोच शब्द उच्चारत. मग काय, नाव पडलं ते पडलंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी छंदही असा शोधला की ज्यात काडीचा आवाज नाही. परसातल्या पत्र्याच्या खोलीचं छप्पर सरकतं करून घेतलं, दुर्बीण आणली, तिला कॅमेरा जोडला आणि नुसत्या डोळ्यांना जन्मात दिसणार नाहीत अशा तेजोमेघांचे फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्यापुढे फिल्टर, म्हणजे एकाच वायूचा उजेड आत सोडणारी काच, लावून एकेका मेघाचे पाच पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर त्या सगळ्यांची बेरीज करायची. एका फोटोत जे दिसत नाही ते शेकड्यात हळूहळू वर येतं.

बेरीज जावईबापू करत. पोटापाण्यासाठी ते खोक्यांवरची चित्रं सजवायचे, साबणाची, टूथपेस्टची आणि मुख्यतः बिस्किटांची. बिस्किटाला ते असा काही सोनेरी रंग चढवत की पुडा फोडल्यावर माणसाला आतल्या बिस्किटाचीच शंका यावी. रविवारी तोच हात आभाळावर चाले. सासूबाईंनी पाठवलेले फोटो धुवायचे, पाखडायचे, डाग काढायचे आणि रंग वर आणायचे. तीन वर्षं हा उद्योग चालला होता आणि तीन वर्षं दोघांची भांडणंही चालली होती, पण ती सगळी अहो-जाहो करत. "जावईबापू, लाल जरा भडक नाही का झाला?" "आई, तुम्हाला वाटत असेल तर उतरवतो." ठकू म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता की एकमेकांना अर्ज करता?

जावईबापूंनी खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढून वायरी जोडल्या. पडदा उजळला. दोन महिने खपून काढलेला तो मोठा मेघ शांतताबाईंना चेहऱ्यानं पाठ होता, पण जावईबापूंनी मेघ दाखवलाच नाही. त्यांनी चित्राचा खालचा डावा कोपरा मोठा केला. तिथं काळोख होता.

"हा ऑक्सिजनच्या फिल्टरचा कोपरा," ते म्हणाले. "तुम्हाला माहितीये, मी आधी डाग काढतो आणि मगच चित्राकडे बघतो. आज सकाळी चहा सांडला. फडकं आणायला स्वयंपाकघरात गेलो आणि परत आलो तर चित्र तसंच उघडं होतं. दारातून पाहिलं मी ते. जवळ बसून दिसत नाही. तुम्ही जरा मागे या, आई. आणखी मागे."

शांतताबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. आधी काही नव्हतं. मग काळ्यामध्ये किंचित कमी काळं असं एक गोल कडं होतं, बांगडीएवढं, एका बाजूला थोडं तुटलेलं. त्यांनी पापण्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या. कडं जागेवर होतं.

"याद्या बघितल्यात?"

"सगळ्या! त्या जागी कुणी काही नोंदवलेलंच नाही. एखाद्या ताऱ्यानं मरताना टाकलेलं कवच असणार. आई, हे अजून कुणीच पाहिलेलं नाही. कुणीच म्हणजे कुणीच नाही. आपण पहिले!"

एवढं बोलून जावईबापू लहान मुलासारखे जागच्या जागी उड्या मारायला लागले आणि चपला पायात आहेत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. ते धावत दाराशी जाऊन चपला काढून आले. शांतताबाईंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांच्या तोंडून तो प्रश्न निसटला.

"तुम्ही हात नाही ना लावलात याला?"

जावईबापू थांबले. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि शेंगांच्या टोपल्यातली एक शेंग उचलून उगाच तिची शीर काढत राहिले.

"बिस्किटाला मी रंग देतो, आई," ते म्हणाले, "कारण बिस्किट कसं दिसायला हवं ते सगळ्यांना माहीत असतं. हे कसं दिसतं ते जगात कुणालाच माहीत नाही. मी कुठला रंग देणार?"

बाईंना लाज वाटली. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि खरं सांगायचं तर शंका पुरती गेली नव्हती.

एवढ्यात ठकू किल्ली फिरवत आत आली. आईच्या आणि नवऱ्याच्या चेहऱ्यांकडे पाहून तिनं ओळखलं.

"भूत आहे ना? मला वाटलंच होतं."

"भूत नाहीये!" जावईबापू ओरडले.

ही फोटोवाली मंडळी ज्याला भूत म्हणतात ते साधं असतं. चौकटीत एखादा ठळक तारा असला की त्याचा उजेड फिल्टर आणि कॅमेऱ्याच्या काचांमध्ये टप्पे खातो आणि भलत्याच ठिकाणी एक फिकट गोल उमटवतो. गेल्या वर्षी अशाच एका गोलाला जावईबापूंनी धूमकेतू ठरवलं होतं. आकाशाचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबात सगळ्यांसमोर त्यांनी तो दाखवला. पहिल्या रांगेतला दंतवैद्य उठून पडद्यापाशी गेला, ठळक ताऱ्यावर एक बोट ठेवलं, धूमकेतूवर दुसरं, आणि म्हणाला, "हे याचं भूत." सभागृह हसलं. जावईबापूही हसले, मग प्रोजेक्टरची वायर बराच वेळ गुंडाळत बसले. तेव्हापासून क्लबात त्यांना 'धूमकेतू' म्हणतात. पुन्हा असं झालं तर मी आभाळाकडे बघणार नाही, असं ते घरी परतताना गाडीत म्हणाले होते, आणि त्यात थट्टा नव्हती.

"ठळक तारा कुठे आहे चौकटीत?" शांतताबाईंनी विचारलं.

जावईबापूंनी चित्र लहान केलं. कडं खाली डावीकडे होतं. वर उजवीकडे, बरोबर समोरासमोर, एक टपोरा तारा होता. भूत नेमकं असंच समोर उमटतं.

"बघितलंय मी ते," जावईबापू म्हणाले. "पण समोर तारा आहे म्हणून ते भूतच असं कुठे आहे? ओळखायची खूण एकच. चौकट सरकवायची. तारे ज्या बाजूला सरकतात त्याच बाजूला कडं गेलं तर ते आकाशातलं. उलट्या बाजूला गेलं तर भूत."

"मग सरकवून बघा."

"काय सरकवू?" आता जावईबापूंचाही तोल सुटत चालला होता, अर्थात अहो-जाहोच्या आतच. "सगळं जग दर दोन फोटोंच्या मधे दुर्बीण केसभर सरकवतं. तीन वर्षं मी तुम्हाला विनवतोय. तुम्ही काय म्हणालात? कान तपासताना खोली हलवतात का म्हणालात!"

ते खरं होतं. जे मोजायचं ते स्थिर हवं, हा बाईंचा जन्माचा हट्ट. दुर्बीण हलू नये म्हणून त्यांनी तिच्याखाली काँक्रीटचा ठोकळा ओतून घेतला होता, खोलीत पायमोजे घालून चालायचा नियम केला होता, आणि आपले सगळेच्या सगळे फोटो एकावर एक तंतोतंत बसतात याचा त्यांना कोण अभिमान होता. आता तेच फोटो मुके होते. तारे, कडं आणि कॅमेरा, कुणीच कुणापासून ढळलं नव्हतं. नवीन फोटो काढावेत तर तो भाग आता संध्याकाळीच शेजारच्या इमारतीच्या भिंतीआड जात होता. पुन्हा दिसणार तो थेट पुढच्या हंगामात.

"थांबू या," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सरकवून घेते. शब्द देते."

"पुढच्या वर्षी! दंतवैद्य याच मेघाचे फोटो घेत बसलाय. शनिवारी क्लबात दाखवणार आहे. त्याच्या चित्रात हे कडं नसेल कशावरून?" जावईबापू उठून येरझारा घालायला लागले. "मी आजच पाठवून देतो, नवे मेघ यादीत घालणाऱ्या नोंदणीवाल्यांना. चूक निघाली तर निघाली. हसतील. हसू देत."

"चालेल तुम्हाला?"

जावईबापूंनी पाठ फिरवली. नाही चालणार, हे त्यांच्या पाठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

ठकू इतका वेळ शेंगा सोलत होती. तिला यातलं काही आवडत नसे, आणि आवडत नाही हे सांगायलाही ती चुकत नसे.

"मी लाथ मारली होती, ते फोटो नाही का चालणार?" ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"अगं आई, मी तुला जेवायला बोलवायला आले होते परसात आणि अंधारात माझा पाय दुर्बिणीच्या पायावर बसला. अंगठा सुजला माझा. तू अंगठ्याचं विचारलं नाहीस, दुर्बिणीचं विचारलंस. आठवतंय? की फक्त मलाच आठवतंय?"

शांतताबाईंना लख्ख आठवलं. दुर्बीण आपली आपण पुन्हा निशाणावर आली होती, पण नेमकी जागेवर नव्हे. पुढचे सगळे फोटो थोडे सरकलेले निघाले. बेरजेत बसत नाहीत म्हणून त्यांनी ते बाजूला काढले, 'टाकाऊ' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले आणि जावईबापूंना कधी पाठवलेच नाहीत.

"कुठला फिल्टर होता?" जावईबापूंनी विचारलं. विचारताना त्यांनी टेबलाची कड धरली होती.

"ऑक्सिजनचा," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजानं दचकल्या. "ऑक्सिजनचाच! जावईबापू, ऑक्सिजनचाच होता!"

मग घरात जी धावपळ झाली ती सांगायला नको. बाईंचा जुना कॉम्प्युटर चालू होईना, झाला तर फोल्डर सापडेना, सापडला तर वायर पुरेना. ठकूनं अंगठा वर करून दाखवला आणि या अंगठ्याच्या नावे काहीतरी व्हायला हवं असं जाहीर केलं. फोटो थोडेच होते. यंत्र बेरीज करत बसलं आणि जावईबापू शेजारी बसून कच्चे मटार खात राहिले. ठकू सोलत होती, ते खात होते, पातेलं काही भरत नव्हतं.

बेरीज झाल्यावर जावईबापूंनी दोन तुकडे कापले. ताऱ्यांसोबत सरकलं असेल तर कडं जिथे सापडेल तो एक, आणि भूत असेल तर जिथे सापडेल तो दुसरा. ते नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकले.

"दिसतंय! आहे! ताऱ्यांसोबतच आहे!" मग त्यांनी दुसरा तुकडा उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "इथेही दिसतंय."

"मला दोन्हीकडे नुसती राख दिसतेय," ठकू म्हणाली.

"आई, तुम्ही बघा."

पण शांतताबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून.

"मला दाखवू नका," त्या म्हणाल्या. "आत्ता नको. असं बघायचंच नसतं. माझ्याकडे नोकरीच्या तपासणीला माणसं यायची. मी आवाज सोडलेलाच नसायचा आणि यांचं बोट वर. खोटारडी नव्हती हो ती. त्यांना खरंच ऐकू यायचं. ज्याला हवं असतं त्याला ऐकू येतं. म्हणून मधे मधे आम्ही काहीच न सोडता नुसतं थांबायचो. तुम्ही या तुकड्यांतले तारे पुसून टाका, म्हणजे कुठला कुठला ते ओळखू येणार नाही. प्रत्येक तुकडा चार-पाच वेळा घ्या, दर वेळी उलटासुलटा फिरवून. त्यात मेघापासून लांबचे रिकामे तुकडे मिसळा. आणि ठकूला द्या, ती दाखवेल. बघणाऱ्याला काही माहीत नको."

"आणि बघणार कोण?"

"तुम्ही बघा."

"मला सगळीकडेच दिसतंय, आई. तुम्ही बसा." जावईबापू आता अगदी हळू बोलत होते. "तुम्ही नाही म्हणालात तर मी पाठवणार नाही. पुन्हा विषयही काढणार नाही."

"माझ्यावर कशाला टाकता?"

"कारण मला बरं वाटावं म्हणून तुम्ही आजवर कधी काही बोललेला नाहीत."

बाई खुर्चीत बसल्या, साडीचा पदर सारखा केला. तुकडे तयार झाल्यावर त्यांनी जावईबापूंना परसात पाठवलं, कारण त्यांच्या श्वासावरून आपल्याला कळेल अशी त्यांना भीती होती. ठकू मागे बसली. बोट वर झालं की तिनं एकेक मटार टाकायचा होता, आकाशाच्या तुकड्याला एका वाटीत, भुताच्या तुकड्याला दुसरीत, रिकाम्याला तिसरीत.

"वाटीत नको," बाई म्हणाल्या. "प्रत्येक वाटीचा आवाज वेगळा येतो. मला कळेल."

"धन्य आहे तुझी," असं म्हणून ठकूनं मांडीवर तीन रुमाल पसरले. "हं, नियम सांग. तूच सांगायचीस ना सगळ्यांना?"

"अगदी बारीक असला तरी बोट वर करा," शांतताबाईंनी सवयीनं सुरुवात केली. "आहे की नाही अशी शंका असली तरी करा."

"शांतता," ठकू म्हणाली.

पहिला तुकडा म्हणजे करडा भुरभुराट होता, दुसरं काही नाही. दुसराही तसाच. बाई टक लावून बसल्या आणि त्यांच्या कानात स्वतःचंच रक्त धडधडायला लागलं. इतकी वर्षं खोलीच्या बाहेर बसल्यावर आज आतल्या खुर्चीत बसण्याची वेळ आली होती. बिचारी माणसं! घाम फुटलेल्या तळव्यांनी ती बसून असायची आणि आपण बाहेरून त्यांना नीट बसा म्हणायचो.

तिसऱ्या तुकड्यात काहीतरी होतं. होतं का? डाव्या बाजूला एक कमान असल्यासारखं वाटत होतं, आणि बघता बघता ती पुरी गोल होत होती. बाईंचं बोट उचललं जात होतं. परसातून जावईबापूंच्या येरझाऱ्यांचा आवाज येत होता, पत्र्याच्या खोलीपासून विहिरीपर्यंत आणि परत. त्या सभागृहात हसून झाल्यावर वायर गुंडाळत बसलेला तो चेहरा बाईंना दिसला. ते कडं असावं असं त्यांना फार फार वाटत होतं. स्वतःसाठी नव्हे. बाहेर चालणाऱ्या त्या माणसासाठी असावं, त्याला पुन्हा कुणी हसू नये. आणि हे कळलं त्याच क्षणी त्यांनी बोट आत वळवून मूठ आवळली.

"पुढचा," त्या म्हणाल्या.

पुढचा रिकामा वाटला. त्याच्या पुढचाही. मग एक तुकडा असा आला की त्यात हवं-नकोचा प्रश्नच उरला नाही. कडं होतं. एका बाजूला तुटलेलं, पण आता ती तुटलेली बाजू वर आली होती. बाईंनी बोट वर केलं की ते आपोआप गेलं, त्यांना सांगता आलं नसतं. पुन्हा राख. पुन्हा राख. पुन्हा कडं, तूट उजवीकडे. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी ते पदरानं टिपलं आणि ठकूला थांबायला सांगितलं, कारण ओल्या डोळ्यांनी घेतलेली तपासणी त्यांनी कुणाचीच मानली नसती.

तुकडे संपले तेव्हा ठकूनं लगेच काही सांगितलं नाही. तिनं परसाचं दार उघडून नवऱ्याला हाक मारली. जावईबापू आले आणि दारातच उभे राहिले. ठकूनं मांडीवरचा एक रुमाल उचलून झटकला. रिकामा. दुसरा झटकला. तोही रिकामा. तिसऱ्यातले मटार तिनं टेबलावर ओतले, एकेक मोजून.

"हे सगळे आकाशाचे," ती म्हणाली. "भुताच्या जागेला एकदाही बोट नाही. रिकाम्याला एकदाही नाही. आकाशाचे पाच तुकडे होते, चारांना बोट वर. एक सोडलास, आई. पहिल्यांदा आला तेव्हा."

मग शांतताबाई खुर्ची मागे लोटून उठल्या. खुर्ची उताणी पडली आणि त्यांना तिचा आवाजही आला नाही.

"अरे, आहे की रे ते! खरंच आहे! बघत काय उभा राहिलास, पाठव! पाठव लवकर, त्या दंतवैद्याच्या आधी पाठव!"

ठकूचा मटार उचललेला हात तसाच थांबला. तिनं आईकडे पाहिलं. पण बाई कसल्या ऐकतात! त्या पडद्याशी पोचल्याही होत्या आणि कड्याच्या तुटलेल्या बाजूवरून बोट फिरवत, इथं कवच फाटलंय का, की तिथं दुसरं काही आड येतंय, असं विचारत होत्या. जावईबापू एकीकडे उत्तरं देत होते आणि दुसरीकडे कागदाचा रुमाल शोधत होते, कारण त्यांचं नाक वाहायला लागलं होतं. दोघंही एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकून घेत नव्हतं. ठकूनं खुर्ची उचलून सरळ केली.

नोंदणीवाल्यांसाठी जावईबापूंनी सकाळीच लिहिलेलं पत्र तयार होतं, फक्त आज सापडलेल्या पुराव्याची भर घालायची होती. सरकलेल्या चौकटीचं चित्र जोडलं. ठळक तारा कुठे, कडं कुठे, सगळं लिहिलं. ठकूच्या आग्रहावरून अंगठ्याचाही उल्लेख झाला, पण तो 'एका अपघाती धक्क्याने' एवढाच. शेवटी शोधकर्त्यांच्या नावांची जागा आली. जावईबापू त्याच तंद्रीत मान वळवून म्हणाले,

"आई, तुझं नाव आधी घालतो हां."

आणि थबकले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमचं," ते घाईनं म्हणाले. "तुमचं म्हणायचं होतं मला."

शांतताबाई टेबलावर विखुरलेले मटार ओंजळीत गोळा करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"राहू दे तेच," त्या म्हणाल्या. "आणि माझं नाव मागे घाल. बेरीज तू केलीस."

तो पडद्याकडे वळला. स्वतःचंच नाव टाइप करायला त्याला बराच वेळ लागला. एकच अक्षर तो पुन्हा पुन्हा चुकत होता आणि खोडत होता, आणि घाई करायला त्याला कुणीही सांगितलं नाही.